तीन काड्या, सारख्या अंतरावर

एका कागदाचा फोटो काढण्याआधी मी त्याच्या खालच्या कोपऱ्यावर पांढऱ्या कागदाची एक पट्टी ठेवली होती. दोन बोटं रुंद असेल. तिच्याखाली पेन्सिलीनं लिहिलेल्या दोन ओळी होत्या आणि त्या दिसू नयेत एवढंच त्या पट्टीचं काम होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी तसाही कमी बोलणारा. बायको म्हणते, तुमच्याकडून काही काढून घ्यायचं तर पक्कडच लागते. पण ही गोष्ट तिलाही कधी पकडता आली नाही.

मी तेलंगणाच्या राजधानीत, नारायणगुड्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. पुण्याहून आलो तेव्हा दोन वर्षांत परत जाणार होतो. त्याला पंचवीस वर्षं झाली. आता रिक्षावाल्याशी दखनी उर्दूत आणि भाजीवालीशी तेलुगूत वाद घालता येतो आणि दोघंही मला हरवतात. शिकवून उरलेल्या वेळात मी ताऱ्यांचा अभ्यास करतो. असं सांगितलं की लोक विचारतात, मग रात्र रात्र जागत असाल. मी एकही रात्र जागलेलो नाही. माझ्या कामाची दुर्बीण अवकाशात आहे. ती आकाशाच्या एका तुकड्याकडे जवळजवळ चार आठवडे टक लावून बघते, निवडलेल्या ताऱ्यांचा उजेड दर दोन मिनिटांनी मोजते, आणि ती मापं पुढे जगात कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. मी ती दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, ऑप्टिक्सच्या लॅबमध्ये पंख्याखाली बसून बघतो.

मला ज्या ताऱ्यांची हौस आहे ते जरा विचित्र असतात. आपल्या सूर्यापेक्षा तापट, अंगात जबरदस्त चुंबकत्व, आणि त्या चुंबकत्वामुळे पृष्ठभागावर भलत्याच मूलद्रव्यांचे डाग जमलेले. त्यातले काही तारे थरथरतात. दहा-बारा मिनिटांत एक ठोका, की पुन्हा दुसरा. उजेडातला फरक इतका थोडा की जमिनीवरून आपल्या हलत्या हवेतून तो पकडणं म्हणजे जिकिरीचं काम. अवकाशातून तो दिसतो, पण तोही सरळ नाही. आधी मापांवर गणित करून एक आलेख काढावा लागतो: कुठल्या लयीत किती थरथर आहे ते दाखवणारा. तळाशी खुरटं गवत असावं तशी गडबड, आणि तारा खरंच थरथरत असेल तर त्या गवतातून वर आलेली एखादी उंच काडी.

काडी हा शब्द माझा नाही. तो ताईंचा.

ताई आमच्या लॅब असिस्टंट. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, मूळच्या नांदेडकडच्या, लग्न होऊन अंबरपेठला आलेल्या. आमच्याकडे येण्याआधी त्यांनी बरकतपुऱ्यातल्या एका हृदयरोगाच्या दवाखान्यात बारा वर्षं ईसीजी काढले होते. कॉलेजात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे डबा एकत्र. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि गोंगुऱ्याची चटणी. अर्धा मराठवाडा, अर्धा तेलंगणा. माझ्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. ती बघून त्या म्हणायच्या, "सर, पुण्यात बटाट्याशिवाय काय पिकत नाही का?"

एकदा माझे डोळे आले होते म्हणून मी आलेख पडद्यावर बघायचे सोडून छापायला घेतले. कागद म्हणजे परीक्षा विभागात उरलेल्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. ताईंनी गठ्ठ्यातला एक उचलला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि म्हणाल्या, "हा कुणाचा?"

"ताऱ्याचा आहे."

"पेशंट हललाय ह्यो," त्या म्हणाल्या. "पट्टा सैल असला की अशी लाट येते."

मी बघितलं. ताऱ्याचं काही नव्हतं, दुर्बीणच त्या दिवशी किंचित डगमगली होती. हे समजायला मला आधीच्या आठवड्यात अख्खी दुपार लागली होती.

तिथून ताई माझ्या कामात आल्या. मी बोलावलं असं नाही, त्या आल्या. प्रॅक्टिकल आटोपून प्रिझम आणि भिंगं पुसून कपाटात गेली की त्या गठ्ठा पुढ्यात घ्यायच्या. मी त्यांना बसवून थोडं समजावलं. लयीचा आलेख कसा वाचायचा, उंची म्हणजे काय, अंतर म्हणजे काय. थोडंच, कारण बाकीचं त्यांना येतच होतं. त्यांनी जुन्या जर्नलांच्या नाड्यांनी तीन गठ्ठे बांधले आणि वर चिठ्ठ्या लावल्या: मुके, बोलके, ढोंगी. ढोंगी म्हणजे असा तारा की थरथर शेजारच्याची आणि दिसतेय याच्या नावावर. अवकाशातल्या त्या दुर्बिणीची नजर रुंद आहे पण फार बारीक नाही, जवळजवळच्या दोन ताऱ्यांचा उजेड एकाच चौकटीत पडतो. ताई म्हणायच्या, "रेडिओ शेजाऱ्याच्या घरात वाजायलाय आन् आपण ह्याला नाचायला सांगायलो." दुर्बीण मधेच मापं पृथ्वीकडे पाठवायला तोंड फिरवते तेव्हा नोंदीत रिकामी जागा राहते. तिला त्यांचं नाव होतं, पेशंट बाथरूमला गेला.

विभागप्रमुख तेलुगू, पण आमच्याशी दखनीत बोलत. दारातून डोकावून विचारायचे, "क्या मियाँ, तुम्हारे तारे आज बी हिल रै क्या?"

"हौ सर, हिल रै," ताई मान वर न करता म्हणायच्या. "चाय मँगाओ, दिखाती."

ते खरोखर चहा मागवायचे. त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या दुपारी होत्या. हे लिहिताना मला हसू येतंय, आणि त्याचीही थोडी लाज वाटतेय.

आता त्या कागदाचं.

आमच्या कामात एक नियम आहे. काडी भोवतालच्या गवताच्या चौपट उंच असेल तरच ती खरी धरायची. नियम चांगला आहे, त्यानं माणूस भ्रमात पडत नाही. त्या दिवशी मी एका ताऱ्याच्या कागदावर लाल पेननं फुली मारून तो मुक्यांमध्ये टाकला. ताईंनी तो परत काढला.

"सर, ह्याला काऊन मारलं?"

"चौपट नाही ताई. सगळ्यात मोठी काडी साडेतीनपटसुद्धा नाही."

"एक नाही, तीन आहेत की." त्यांनी पट्टी घेतली, लाकडी, शाळेतली, आणि मोजून दाखवलं. मधली काडी, तिच्या डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्हीकडे अंतर तेवढंच. "कचरा कवा सारख्या अंतरावर पडतो का?"

मी म्हणालो, तीन बुटक्यांना एकावर एक उभं करून उंच माणूस होत नाही. मला तेव्हा हे वाक्य फार छान वाटलं होतं. त्या हसल्या, वाद घातला नाही. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि तो मुक्यात नाही, बोलक्यात नाही, प्रिझमच्या कपाटाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

माझी चूक साधी नव्हती. साध्या माणसाला ती करताच आली नसती, ती करायला माझ्याएवढं शिकावं लागतं. कारण हे तारे तिरपे असतात. स्वतःभोवती फिरण्याचा आस एक आणि चुंबकत्वाचा आस दुसरा, आणि थरथर असते ती चुंबकत्वाच्या आसाभोवती. त्यामुळे तारा फिरला की थरथरणारं टोक कधी आपल्यासमोर येतं, कधी बाजूला जातं. ठोका कमीजास्त होतो, आणि आलेखात एका काडीच्या जागी दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आणखी काड्या उगवतात. ते अंतर म्हणजे ताऱ्याच्या फिरण्याचा वेग. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवलेलं आहे. ताईंनी मला तेच दाखवलं, आणि मी नियम सांगितला.

दोन वर्षांनी दुर्बीण पुन्हा आकाशाच्या त्या तुकड्याकडे वळली. नवी मापं आली, मी जुनी त्यांना जोडली, गवत खाली बसलं आणि तीनही काड्या चौपटीच्या वर आल्या. त्याच जागी, त्याच अंतरावर. मी खुर्चीवरून उठलो आणि प्रिझमच्या कपाटाकडे गेलो. कागद तिथेच होता. पाठीमागे द्वितीय वर्षाची प्रश्नपत्रिका, व्यतिकरणावरचा पाच गुणांचा प्रश्न. पुढे माझी लाल फुली, आणि तिच्याखाली ताईंचं अक्षर:

पेशंट जिवंत आहे. परत बघणे.
तीन काड्या, सारख्या अंतरावर.

मी तेव्हा एका गटात होतो. निरनिराळ्या देशांतले पंधरा-वीस जण, ओळख फक्त ईमेलवरची. गटाच्या प्रमुख बाई थंड देशातल्या, स्वभावानं मात्र ऊबदार. मी आलेख पाठवला तेव्हा त्यांनी कळवलं की गटातल्या आणखी एकाला हा तारा नुकताच सापडला आहे, तर पहिला कुणाच्या लक्षात आला ते ठरवू या. ज्याच्याकडे आधीची काही नोंद असेल त्याचं नाव निबंधात पहिलं.

माझ्याकडे नोंद होती. वरच्या कोपऱ्यात प्रिंटरनं छापलेली तारीख, दोन वर्षांपूर्वीची. खाली दोन ओळी मराठीत, त्या गटात कुणालाही वाचता न येणाऱ्या. त्या तशाच ठेवल्या असत्या तरी चाललं असतं, हे मला नंतर सुचलं. पण मला वाटलं कुणीतरी विचारेल, हे काय लिहिलंय, कुणी लिहिलंय. आणि लॅब असिस्टंटनं, असं उत्तर द्यावं लागेल. मग माझी ती लाल फुलीही समजावून सांगावी लागेल. फुलीला मी अधिकचं चिन्ह म्हणालो. महत्त्वाचं म्हणून केलेली खूण. बाकीचं पट्टीनं झाकलं.

निबंधात एक वाक्य आहे: आधीच्या मापांमधली ही तिहेरी रचना पहिल्या लेखकाला नुसत्या डोळ्यांनी पाहताना जाणवली होती. पहिला लेखक म्हणजे मी. आभारांच्या यादीत दुर्बीण आहे, संगणक आहे, कॉलेज आहे. ताई नाहीत. आभार मानले असते तर कशाबद्दल ते लिहावं लागलं असतं.

याला जातीचं काही कारण नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. आम्ही एका टेबलावर जेवत होतो, बुद्धपौर्णिमेला त्यांनी आणलेली खीर मी दोनदा मागून घ्यायचो. पण तो कागद एखाद्या पुण्याहून आलेल्या, माझ्यासारख्याच आडनावाच्या संशोधक मुलीनं ड्रॉवरमध्ये ठेवला असता, तर पट्टी शोधायला मी उठलो असतो का? मला आता खात्री देता येत नाही. याच्यापुढे जाऊन मी काही लिहू शकत नाही, पण इथपर्यंत तरी यायला हवं होतं.

कॉलेजनं माझा सत्कार केला. विभागप्रमुखांनी शाल घातली आणि शालीचं तबक धरून शेजारी ताई उभ्या होत्या, कारण आमच्याकडे तबक नेहमी त्याच धरायच्या. त्यांनी त्या दिवशी मोरपंखी रंगाची साडी नेसली होती. टाळ्या चालू असताना त्या माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "सर, तो कागद जपून ठेवलाय ना?"

"ठेवलाय," मी म्हणालो.

"बरं झालं. पहिला पेशंट आहे आपला."

त्यांना संशय होता का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. नव्हता. माणसाला संशय असला तर आवाज इतका आनंदी निघत नाही.

मागच्या वर्षी ताई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात कॉलेजनं भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्या म्हणाल्या, घरी चार घड्याळं हैत, एकबी बरोबर चालत नाही, पाचव्याची कमी होती. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, आपला तो निबंध द्या ना एक कॉपी. नात इंग्रजी फाडफाड वाचते. तिला म्हनलं, तुझ्या आजीनं तारा बघितलाय. तिला पटत नाही."

मी म्हणालो, देतो की. आणि मग माझा प्रिंटर बिघडला. तो दुरुस्त झाला तर कागद संपले. कागद आले तर परीक्षा आल्या. मी तीन महिने इतकी कारणं तयार केली की त्यांचाच एक गठ्ठा बांधता आला असता, वर चिठ्ठी लावून: ढोंगी.

पेन्शनच्या कागदांवर सही राहिली होती म्हणून एका दुपारी ताई कॉलेजात आल्या. सोबत नात, अकरावीतली, पाठीवर सॅक, कानात एकच इअरफोन. ताईंनी सवयीनं आधी कपाटावरची धूळ बोटानं बघितली, मग खुर्ची ओढून बसल्या. मी चहा आणि बिस्किटं मागवली. नात म्हणाली, "आजी, बिस्किट बुडवू नको ना, पडतंय फिर." तेवढ्यात बुडालंच.

आणि मग माझ्या कल्पनेतही नसलेली साधी गोष्ट झाली. त्या पोरीनं फोनवर माझं नाव टाकलं आणि निबंध काढला. तीन महिने मी ज्याला कुलूप लावून बसलो होतो तो अर्ध्या मिनिटात उघडला.

"वाच की मोठ्यानं," ताई म्हणाल्या.

ती वाचायला लागली. इंग्रजीत एक वाक्य, मग मराठीत त्याचा अर्थ, मराठीत अडली की दखनीत. तारा कुठे आहे, किती दूर, किती तापट. ताई मान डोलवत होत्या. मला वाटलं ती कंटाळून सोडून देईल. पण त्या वयाची मुलं नको तिथे चिकाटी दाखवतात. ते वाक्य आलं. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फोन खाली घेऊन म्हणाली, "आजी, इथं तर लिव्हलंय की फर्स्ट ऑथरनं पाहिलं. तू तर म्हनलीस, तू पाहिलं. तुझं नाव नै इसमें."

मी चहाच्या कपाकडे बघत होतो. बोलायला याच्यापेक्षा चांगली जागा मला आयुष्यात मिळाली नसती.

"सरांनी बघितलं म्हणजे आपणच बघितलं गं," ताई म्हणाल्या. "एकाच टेबलावर तर बसायचो. मोठ्या लोकांच्या पेपरात असंच लिहितात." मग माझ्याकडे वळून, "हौ की नाही सर?"

मी म्हणालो, "हो."

नातीनं माझ्याकडे बघितलं. तिला पटलं नव्हतं. तिनं दुसरा इअरफोन कानात घातला.

त्या संध्याकाळी मी प्रमुख बाईंना ईमेल लिहिलं. सोबत अख्ख्या कागदाचा फोटो जोडला, कोपऱ्यासकट, आणि दोन ओळींचं भाषांतर. ती रचना आधी कुणी ओळखली आणि मी तिच्यावर फुली मारली होती, तेही लिहिलं. पण एका ठिकाणी पाय घसरला. पहिल्या फोटोत खालचा भाग अनवधानानं राहून गेला, असं मी लिहिलं. अनवधानानं. पट्टी कात्रीनं कापून घेतली होती मी.

उत्तर आलं ते मला झोडपणारं नव्हतं, उलट हसवणारं होतं. बाईंना फुलीची गोष्टच फार आवडली होती. गटातल्या सगळ्यांनी आपापल्या फुल्या परत तपासाव्यात असं त्यांनी सुचवलं होतं. दुरुस्तीची नोंद छापून घेऊ, ताईंना सहलेखक करू, आणि आता जो दुसरा निबंध होतोय त्यातही घेऊ. शेवटी विचारलं होतं: त्यांचं पूर्ण नाव काय, आणि इंग्रजीत कसं लिहितात?

मला ते माहीत नव्हतं. चौदा वर्षं एका टेबलावर जेवलो होतो. मला ताई माहीत होत्या, त्यांचा गुडघा कुठला दुखतो ते माहीत होतं, हजेरीपटावरची दोन आद्याक्षरं माहीत होती. मी फोन केला.

"पूर्ण नाव? काऊन सर, पेन्शनचं अडलं का परत?"

"नाही. कॉलेजच्या एका कामासाठी हवंय."

"लिहा मग." त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. आधी स्वतःचं, मग आडनाव. मग थांबून म्हणाल्या, "मधे नवऱ्याचं घालू का बापाचं?"

"तुम्हाला कुठलं हवंय?"

त्यांनी पलीकडे चालू असलेला मिक्सर बंद केला. "बापाचं घाला," त्या म्हणाल्या. "बापानं दहावीपर्यंत शिकवलं."

बापाचं घातलं. गेल्या महिन्यात दुरुस्ती छापून आली. नाव बरोबर छापलंय, मी चारदा तपासलं. दुसऱ्या निबंधाचा मसुदा चालू आहे. त्यात सात तारे आहेत, आणि त्यांपैकी दोन ताईंच्या बोलक्या गठ्ठ्यातले, नाडीसकट मिळालेले. नव्या मापांचे छापलेले आलेख मी दर पंधरवड्याला शिपायाबरोबर अंबरपेठला पाठवतो. त्या फोनवर निकाल सांगतात. परवा म्हणाल्या, "सर, चौथा पेशंट नाटकी आहे, त्याच्या शेजाऱ्याला बोलवा." बोलावलं. शेजारीच निघाला.

दुरुस्ती मात्र मी त्यांना अजून दाखवलेली नाही. दाखवली की त्या म्हणतील, कशाला सर एवढं, आणि विषय संपेल, आणि मी पुन्हा हो म्हणेन. म्हणून नुसती दाखवून चालणार नाही. तो कागद माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याच्यासोबत ती पट्टीही आहे. का कोण जाणे, मी ती कधी टाकून दिली नाही.

अंबरपेठला त्यांच्या घरी जायचं, नात घरी असेल अशा वेळी. कागद ताईंच्या हातात द्यायचा आणि पट्टीही द्यायची. पट्टी मी ठेवली, मुद्दाम ठेवली, हे दोघींच्या समोर सांगायचं. आणि त्या पोरीला सांगायचं की तो तारा आधी तुझ्या आजीनं बघितला, आणि त्या दुपारी मी जे हो म्हणालो ते खोटं होतं. एवढं माझ्याकडून द्यायचं बाकी आहे.